नाखव्याच्या शाळेत बू शालू

कुवेतहून परतल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "उंट किती पाहिलेत?" खरं सांगायचं तर उंट मी लांबून पाहिले, आणि त्यांनीही मला लांबूनच पाहिलं. मी उंट पाहायला गेलोच नव्हतो. त्रेचाळीस वर्षांचा झाल्यावर, डोक्यावरचे केस निम्मे आणि चष्म्याचा नंबर दुप्पट झाल्यावर, मी तिथे विद्यार्थी म्हणून गेलो होतो.

त्याचं असं झालं. मुंबईत मी ज्या पेढीवर नोकरीला आहे ती आखाताकडे सागवान, काथ्या आणि मसाले पाठवते. अरबीचं सगळं काम पाहणारे आमचे म्हातारे मुनशी नोकरी सोडून गावी गेले. शेठ हताश होऊन म्हणाले, "आता त्या लोकांशी बोलणार कोण?"

बोलणार कोण! हा प्रश्न माझ्यापुढे विचारणं म्हणजे मांजरापुढे दुधाचं पातेलं उघडं ठेवणं. मी अलिबागचा. लहानपणी मेळ्यांत नकला केल्या, पुढे हौशी नाटकांत विनोदी कामं केली, आणि आमच्या चाळीत मी गोष्ट सांगायला लागलो की लोकांचे चहा गार होतात, हे मी नव्हे, चहा पिणारे सांगतील. मी म्हणालो, "शेठ, एका हिवाळ्यात अरबी शिकून येतो." शेठ म्हणाले, "आपला माल जहाजातून नेत असत ते बू सालेम नाखुदा तिथे आहेत. ते म्हणाले की तुम्हाला बोलता येतं, तर मुनशींची खुर्ची तुमची. नाही म्हणाले, तर आपलं गोदाम आहेच."

बोटीचा प्रवास मी इथे गाळतो. पोटात घातलेलं सगळं मी बोटीवर गाळलंच होतं.

बंदर आणि बाजार

धक्क्यावर मला घ्यायला इब्राहिमभाई आले होते. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे हे कोकणी मुसलमान, तिथल्या बाजारात दोरखंड, मसाले आणि भांड्यांचं दुकान चालवतात. शेठचे जुने स्नेही, आणि माझा मुक्कामही त्यांच्याच घरी. अंगात कोट, कमरेला चौकड्याची लुंगी, आणि तोंडात माझ्या आईच्या माहेरची बोली.

"या भाऊ! वारा हाय, तोंड मिटून चला."

"का हो?"

"का म्हून इचारलात, आनि गेली ना चमचाभर वाळू?"

गेली होती. कुवेतने माझं स्वागत असं खाऊ घालून केलं.

शहराभोवतीची मातीची भिंत तेव्हा नुकतीच पाडली होती. वेशी तेवढ्या ठेवल्या होत्या. भिंत नाही आणि दार आहे, असं ते दृश्य दात पडलेल्या आजोबांच्या सुळ्यांसारखं दिसे. मातीच्या घरांच्या गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरून गाढव आलं तर आपण भिंतीला चिकटावं, आणि त्याच गल्ल्यांतून होडीएवढ्या लांब अमेरिकन मोटारी घुसत. किनाऱ्यावर खऱ्या होड्या बांधत होते. तिथे गेलो तर ताज्या चिरलेल्या सागवानाचा वास! हे लाकूड कदाचित आमच्याच पेढीने पाठवलेलं. मला एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

पण माझी पंचाईत पहिल्याच दिवशी लक्षात आली. बाजारात सगळीकडे आपला रुपया चाले आणि जो तो माझ्याशी हिंदी बोले. मी रात्रंदिवस पाठ केलेलं अरबी वाक्य मोठ्या अभिनयाने फेकावं, आणि खजूरवाल्याने म्हणावं, "कितना चाहिये, सेठ?" अशाने मी हिंदी शिकून मुंबईला परतलो असतो.

नाखवा

आपल्या किनाऱ्यावर होडीच्या मुख्याला नाखवा म्हणतात, तिकडे नाखुदा. बू सालेम असे नाखवा होते. सत्तरी ओलांडलेली, दाढी पांढरी, आणि डोळे असे की समोरच्या माणसापलीकडे बंदर दिसतंय का ते पाहताहेत. मुंबई, रत्नागिरी, मलबार त्यांनी शिडाच्या जहाजातून पालथं घातलेलं. भेंडीबाजारातलं कुठलं हॉटेल कधी बंद झालं हे त्यांनी मला सांगितलं.

मी कशासाठी आलो ते त्यांनी ऐकून घेतलं आणि फर्ड्या हिंदीत म्हणाले, "तुम अरबी सीखेगा? अच्छा. तो सुनो. अभी से हम हिंदी भूल गया."

आणि खरोखरच भूल गया! त्या क्षणापासून मी निघेपर्यंत त्यांनी हिंदीचा एक शब्द उच्चारला नाही. मी हिंदीत काही विचारलं तर ते इतक्या सच्चेपणाने गोंधळून जात, की एवढा नटसम्राट मी आमच्या हौशी मंडळात पाहिला नव्हता.

दुसरा प्रश्न त्यांनी अरबीत विचारला. इब्राहिमभाईंनी समजावला. "तुमचं पयलं मूल काय, म्हनतात."

"मुलगी. शालू."

"बू शालू!" नाखव्याने जाहीर केलं. म्हणजे शालूचा बाप. तिथे माणसाला पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. बहुधा मुलग्याच्या, पण मला मुलगा नव्हता, म्हणून शालूवर भागवलं. मुंबईत मला 'शालूचे बाबा' म्हणणारी एकच व्यक्ती आहे, आणि तीही बहुधा पिशवी हातात देताना म्हणते. इथे दोन डझन दाढीवाले मला तीच हाक मारू लागले. पहिले काही दिवस ती ऐकली की हात आपोआप पिशवी शोधायचा.

माझी शाळा म्हणजे नाखव्याचा दिवाणिया. घराच्या दर्शनी भागातली लांबलचक खोली, भिंतीकडेने गाद्या-लोड, दाराशी चपलांचा ढीग. संध्याकाळ झाली की पुरुष मंडळी येतात आणि बसतात. नवा माणूस आला की सगळे उठून उभे. मग तब्येतीची चौकशी. मग तीच चौकशी वेगळ्या शब्दांत. मग घरच्यांची. तेवढ्यात दुसरा येतो, की पुन्हा उभे! आपल्याकडे कोणी आला की आपण गोड हसून विचारतो, "काय काम काढलंत?" तिथे माणूस सगळी संध्याकाळ बसला तरी त्याला काम विचारत नाहीत. काम नसणं हेच येण्याचं कारण.

वही आणलेली पाहून नाखव्याने ती दाराबाहेर, चपलांशेजारी ठेवायला लावली. "कान आत, कागद बाहेर."

पहिला धडा कहव्याचा, म्हणजे तिकडच्या बिनदुधाच्या कॉफीचा. बिनकानाचा चिमुकला पेला, त्यात घोटभर वेलदोड्याचा कडू कहवा. प्यायलो. वाढणाऱ्या उंच गृहस्थाने पुन्हा ओतला. प्यायलो. पुन्हा ओतला. मी अरबीत 'नको' म्हणालो, त्याने ओतला. हात आडवा केला. त्याने शेजारून ओतला. मला वाटलं, हा आपल्याकडचा आग्रह! आपणही पाहुण्याच्या 'नको'ला कुठे किंमत देतो? जिलबी वाढणाऱ्याशी लढण्याचा माझा अनुभव दांडगा, तेव्हा पानावर आडवे पडतात तसा मी पेल्यावर जवळजवळ आडवा पडलो. कहवा बाहीत गेला. आणि साऱ्या दिवाणियाने मला हसून घेतलं. नाखवा हसत होता, पण सांगत नव्हता. शेवटी शेजारच्याकडे चोरून पाहिलं, तर त्याने रिकामा पेला बोटांत धरून नुसता हलवला, घंटी वाजवावी तसा. बस्स, एवढंच! वाढणारा पुढे गेला. मी पेला हलवला. तो मलाही सोडून गेला. त्या आनंदात मी घरी जाऊन इब्राहिमभाईंच्या चहाचा कपही हलवला, तर अर्धा चहा त्यांच्या लुंगीवर.

घोडा कोणत्या जातीचा?

पण त्या हसण्याने माझी झोप उडवली. आयुष्यभर मी लोकांना हसवलं होतं. लोक मला हसलेले नव्हते. दोन्हींत काय फरक असतो ते फक्त विनोदी नटाला ठाऊक. अरबी हळूहळू समजू लागली, मोडकीतोडकी येऊही लागली, पण मी तोंड उघडलं की मंडळी आधीच हसायच्या तयारीत. मला एकदा, फक्त एकदा, त्यांना माझ्या बोलण्यावर हसवायचं होतं.

म्हणून मी माझं हुकमी पान काढलं. आमच्या आतेभावाच्या वरातीचा घोडा. हा घोडा ऐन वेळी डॉक्टरांच्या टांग्याचा आणला, त्यामुळे तो वाटेत प्रत्येक रोग्याच्या दारात थांबे, आणि घरातून बायका बाहेर येऊन नवरदेवाला जीभ दाखवीत. अलिबागेत या गोष्टीने माणसं ओटीवरून खाली पडलेली आहेत. मी ती इब्राहिमभाईंच्या मदतीने अरबीत बसवली, आरशापुढे तालीम केली, आणि एका संध्याकाळी दिवाणियात उभा राहून सुरू केली. टाप वाजवली. लगाम खेचला. खिंकाळलोसुद्धा!

घोडा थांबला तिथे मीही थांबलो, हशासाठी. सगळे गंभीर.

"घोडा कोणत्या जातीचा?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"जात... टांग्याचा."

"त्याचा बाप कोण?"

घोड्याचा बाप कोण हे मला काय ठाऊक? मला आतेभावाच्या सासऱ्याचंही नाव आठवत नव्हतं. तिघे-चौघे आपसांत वाद घालू लागले. असा घोडा कष्टाला जुंपणारे लोक कसे, याबद्दल त्याच म्हाताऱ्याने खेदाने मान हलवली. घोड्याच्या दुःखात ते इतके बुडाले, की नवरदेवाला विसरलेच.

मी खाली बसलो. मग नाखवा सावकाश, मला कळेल अशा अरबीत म्हणाला, "बू शालू, हिवाळा सरायच्या आत तू आम्हाला जेवायला बोलाव. तुझ्या घरी, तुझ्या गावचं जेवण. आणि तिथे आम्हाला हसव. घोड्याने नव्हे, तू. मग मी तुझ्या शेठला काय सांगायचं ते सांगेन."

अहमदीत एक दिवस

धीर खचल्यावर माणूस आपल्या माणसांकडे धावतो. मी अहमदीला धावलो. तेल कंपनीने वसवलेलं हे गाव. आखीव रस्ते, रांगेने बंगले, त्यांपुढे नळाच्या पाण्यावर जगवलेली फुलझाडं. तिथे आमच्या ओळखीचे एक पुण्याचे कारकून राहतात. त्यांच्या घरी कांदेपोहे, वर खोबरं, रेडिओवर आपलीच गाणी, आणि भिंतीवर आपलं कॅलेंडर. पोहे उत्तम होते, हे सांगितलं पाहिजे.

"अरबी कशाला शिकता?" ते म्हणाले. "मी इतकी वर्षं इथे आहे, एक अक्षर येत नाही. काही अडत नाही!"

"तुम्ही कोणा कुवेती माणसाच्या घरी जेवलात कधी?"

"छे! एका ताटात सगळे हात घालतात म्हणे. उष्टं-खरकटं काही नाहीच."

त्यांची मुलगी आत इंग्रजीत पाढे म्हणत होती. परतताना बसच्या खिडकीतून मी वाळवंट पाहत होतो. पावसाचे चार शिंतोडे पडून गेले होते, तर त्या करड्या जमिनीवर हिरवी लव आली होती, दाढी न केलेल्या गालासारखी. मनाशी म्हटलं, यांचं काही अडत नाही, कारण हे पुण्याहून निघून पुण्यातच उतरले. आपण मात्र हात घालायचा.

शुक्रवारचं जेवण

आणि पुढच्याच शुक्रवारी घातला. नाखव्याने दुपारी जेवायला बोलावलं. एका प्रचंड परातीत भाताचा डोंगर, आणि त्यावर झुबैदी नावाचा मासा. पाहतो तर आमचं पापलेट! परदेशी जाऊन अरबी नाव घेऊन बसलेलं. सुक्या काळ्या लिंबांचा आंबूस वास. सगळे परातीभोवती मांडी घालून, प्रत्येकाने आपल्यासमोरचाच भाग खायचा. यजमान जेवत नव्हता. तो आपल्याकडच्या यजमानासारखा उभा राहून सगळ्यांच्या हातांकडे पाहत होता, आणि उत्तम तुकडे तोडून माझ्यासमोर टाकीत होता. मी सवयीने अवघडून सावकाश जेवत राहिलो. बाकीच्यांचं कधीच झालं होतं, पण पाहुणा उठेपर्यंत कोणी उठेना. बिचारे भाताची शितं चिवडीत बसले होते. आपण 'सावकाश होऊ द्या' नुसतं म्हणतो. ते होऊ देतात.

मग हात धुणं, मग चहा. मग आरशाचे तुकडे जडवलेली लाकडी धूपदाणी आली. त्यात निखाऱ्यावर उदाचं लाकूड. ती हातोहात फिरली. प्रत्येकाने दाढीखाली, डोक्यावरच्या रुमालाखाली धूर घेतला. मला दाढी नव्हती, मी कोटाचं बटण काढून आत घेतला. थोड्याच वेळात सगळे उठले आणि निघाले. मला वाटलं, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची वेळ झाली असेल. एवढा सुगंध मात्र डोक्यात राहिला. मनाशी ठरवलं, आपल्या जेवणात हे असलंच पाहिजे.

माझी परीक्षा

माझं जेवणही शुक्रवारीच, इब्राहिमभाईंच्या घरच्या अंगणात. इब्राहिमभाई पहाटेपासून चुलीपाशी. मलबारहून आलेल्या नारळांचं दूध काढून पापलेटचं कालवण, तळलेले तुकडे, तांदळाच्या भाकऱ्या, गोडाला सांदण, आणि सोलकढी. मी चटया अंथरल्या, लोड मांडले, आणि भिंतीकडे तोंड करून माझं भाषण पुन्हा पुन्हा म्हटलं. या वेळी घोडा नव्हता. बकरा होता. तोही मला फारसा भरवशाचा वाटत नव्हता.

"भाऊ, तुमी नाचू नका, ताटं पुसा," इब्राहिमभाई ओरडले.

मंडळी आली. नाखवा मधल्या लोडाशी. चौकश्या झाल्या, कहवा झाला, पेले हलले. आता माझी बारी! आपल्याकडे शुभकार्याला, व्याख्यानाला, नाटकाच्या पहिल्या घंटेआधी काय करतात? निघताना शालूच्या आईने ट्रंकेत घातलेला उदबत्त्यांचा पुडा मी काढला. एक-दोन लावणं मला कृपणपणाचं वाटलं. अख्खा पुडा एकदम पेटवला, मुठीत धरला, आणि आरती घेऊन यावं तसा मिरवत अंगणात आलो. धुराचा लोट! प्रत्येकापुढे वाकून मी तो दाढीखाली फिरवला.

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. धूर घेतला. नाखव्याने घेतला. मग नाखवा म्हणाला, "अल्ला तुझं भलं करो, बू शालू," आणि उठला. त्याबरोबर सगळे उठले आणि दाराकडे निघाले.

मला वाटलं, नमाज. पण दुपारचा नमाज तर होऊन गेला होता! चुलीपासून इब्राहिमभाई डाव घेऊन धावत आले, त्यांनी माझ्या हातातला तो धुमसता जुडगा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"आवो भाऊ, काय केलात ता? हिकडं ऊद आला की पावन्यांनी उठायचा! ऊद म्हंजे 'निघा आता'!"

एवढं कालवण, एवढ्या भाकऱ्या, मुनशींची खुर्ची, आणि मला ज्यांना एकदा हसवायचं होतं ती माणसं, सगळी रांगेने दाराबाहेर चालली होती, आणि तीही मीच हाकललेली. शिष्टाचार म्हणून कोणी 'अजून जेवलो नाही' असंही म्हणत नव्हता. उपाशी पोटी आशीर्वाद देत निघाले होते!

मी काय केलं ते मला नंतर कळलं. मी धावत जाऊन चपलांच्या ढिगावर बसलो. पाय पसरून, दोन्ही हातांनी चपला कवटाळून, उदबत्त्यांसकट. आणि ओरडलो. बकऱ्याचं भाषण गेलं उडत. तोंडातून जी अरबी आली ती मी शिकलेली नव्हती, ती कुठून आली तिला विचारा.

"थांबा! ऐका! आमच्या मुलखात हा धूर 'जा' म्हणत नाही, 'या' म्हणतो! हा वास आला की आमच्या घरी देव येतो. आता पाहा माझं नशीब. तुमच्या रीतीने पाहुणे निघाले, आमच्या रीतीने देव येऊन बसला! आणि इब्राहिमने अख्ख्या बाजारातलं झुबैदी रांधलंय. ते आता मी कोणाला वाढू? आमचा देव मासे खात नाही हो!"

मग नाखव्याच्या दाढीत काहीतरी हललं. आधी खांदे हलले, मग पोट, आणि मग तो मलबारपर्यंत ऐकू जाईल असा हसला. त्याने भिंतीचा आधार घेतला. मागचे तर एकमेकांच्या अंगावर पडले. घोड्याचा बाप विचारणारा म्हातारा डोळे पुसत, हुंदके देत म्हणत होता, "मासे खात नाही! मासे खात नाही!"

हे ते हसणं होतं. मी ओळखलं. त्रेचाळीस वर्षांत मी ते पुष्कळदा मिळवलेलं आहे, पण चपलांवर बसून प्रथमच.

"ऊठ, बू शालू," नाखवा म्हणाला. "तुझ्या बुडाखाली माझा उजवा पाय आहे. चप्पल म्हणतो मी. चल, देवाचा वाटा आम्ही खातो."

मग जेवणं झाली ती काय सांगू! भाकरी कालवणात बुडवायची कशी हे मी दाखवलं, तर नाखव्याने मला गप्प केलं. रत्नागिरीला त्याने ती माझ्या जन्माआधी खाल्ली होती. गुलाबी सोलकढी औषध समजून तिघांनी 'कोणाला बरं नाही?' असं विचारलं आणि नंतर तिच्यासाठी भांडले. हात धुताना नाखवा इब्राहिमभाईंना म्हणाला, "याचं व्याकरण फुटक्या होडीसारखं आहे. पण शेठला सांग, हा बुडत नाही."

चहा झाला. तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची बांग झाली. मंडळींनी तिथेच अंगणात नमाज पढला. मला वाटलं आता उठतील. पण जो तो पुन्हा आपापल्या लोडाशी येऊन बसला. बराच वेळ गेला. कोणी हलेना.

शेवटी नाखवा म्हणाला, "बू शालू, ऊद कुठे आहे?"

"संपला. अख्खा पुडा सुरुवातीलाच लावला."

नाखव्याने डोक्यावरच्या रुमालाची काळी दोरी काढून गुडघ्यावर ठेवली आणि लोडाला पाठ टेकली. "ऊद नाही, मग आम्ही निघणार कसे? आता तूच निस्तर. सांग एक गोष्ट."

मी उभा राहिलो.

"घोड्याची नको!" कोपऱ्यातून तो म्हातारा ओरडला.

मी बकऱ्याची सांगितली. ते हसले. मग आमच्या चाळीतल्या बंबाची सांगितली, मग मेळ्यात माझी मिशी शेजारच्या पोराच्या तोंडात गेली ती. तोंडातली अरबी अडखळे तिथे हात बोलत, हात थकत तिथे ते स्वतःच पुढचं सुचवीत. ऊन भिंतीवर चढलं होतं. तेवढ्यात इब्राहिमभाई शेजारच्या घरून मूठभर उदाचं लाकूड मागून घेऊन आले आणि हळूच माझ्या हातात देत म्हणाले, "घ्या भाऊ, सुटका करा त्यांची."

मी ते घेतलं, कोणाचं लक्ष नाही असं पाहिलं, आणि कोटाच्या खिशात खोल दडवून ठेवलं.